थंडोबाचं शून्य

बायको घराची किल्ली विसरून ऑफिसला गेली, एवढंच झालं होतं. संध्याकाळी ती त्याच्याआधी घरी पोचायची. दाराशी ताटकळत बसावं लागू नये म्हणून तो भर दुपारी तिच्या विमा कंपनीत किल्ली द्यायला गेला. बाहेर ऊन नुसतं आग ओकत होतं. गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नव्हतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं तेवढं उभ्या ट्रकच्या सावलीत जीभ काढून पडलं होतं. कंपनीचं काचेचं दार त्याने ढकललं, गार हवा तोंडावर आली आणि नेहमीसारखी त्याच्या छातीत अभिमानाची एक लहानशी लाट उठली. ती हवा त्याची होती. या इमारतीच्या वातानुकूलनाचा आराखडा त्याने स्वतः केला होता. कुठल्या मजल्यावर किती माणसं, किती काच, किती दिवे, सगळ्याचं गणित मांडून बावीस अंश म्हणजे बावीस अंश, अशी हवा त्याने इथे बसवली होती. लिफ्टमधून वर जाताना तो स्वतःशीच गुणगुणत होता. बायकोच्या विभागाचं दार उघडलं आणि त्याला वाटलं, आपला मजला चुकला. पहिल्याच टेबलावरच्या बाईंनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर घातला होता. पलीकडची मुलगी कानांवरून स्कार्फ आवळून एका हाताने टाइप करत होती. दुसरा हात तिने उबेसाठी काखेत धरला होता. कोपऱ्यात तर कुणीतरी टेबलावर चढून छतातल्या हवेच्या जाळीवर पुठ्ठा लावला होता, बिस्किटांच्या खोक्याचा साधा पुठ्ठा, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला. आणि त्या पुठ्ठ्याखाली त्याची बायको शाल लपेटून, पायात लोकरी मोजे चढवून बसली होती. त्याला पाहून ती उठली. "हे आमचे हे," तिने बाकीच्यांना सांगितलं, "आणि ही थंडी यांचीच बरं का!" बायका खो खो हसल्या. स्वेटरवाल्या बाई हात जोडून म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. आमच्या गुडघ्यांचा नमस्कार घ्या." तोही हसला. हसताना आपला चेहरा आपल्याला नीट बसत नाहीये असं त्याला वाटलं. लिफ्टपर्यंत सोडायला आलेल्या बायकोला तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू कधी बोलली नाहीस मला." ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत? आणि बावीस म्हणजे बावीस. त्यापुढे कोण बोलणार?" हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते सहज म्हटलं, हवामानाबद्दल बोलावं तसं, आणि शालीचं टोक सावरत ती परत गेली.

गाडीत येऊन बसल्यावर त्याने एसी लावला नाही. का लावला नाही, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. घाम कपाळावरून भुवईत आणि भुवईतून डोळ्यात उतरला तरी तो तसाच बसून राहिला. कचेरीत सगळे त्याला थंडोबा म्हणत. एक तर धंदा थंडीचा आणि दुसरं म्हणजे आकाश कोसळलं तरी हा आधी चष्मा पुसणार. नावाचा त्याला कधी राग आला नव्हता. उलट आपण लोकांना थंडी देतो यात त्याला एक प्रकारचं पुण्य वाटायचं, आणि त्याचं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचे वडील एका छापखान्यात कामाला होते. पत्र्याची लांबलचक शेड, आत अक्षरांच्या शिसाळ खिळ्यांचा आणि शाईचा वास, आणि उन्हाळ्यात तो वास तापून घशाशी यायचा. तिथे एक नवं परदेशी यंत्र आलं. उकाड्याने त्याची शाई पातळ व्हायची, कागद वाकडा व्हायचा, म्हणून मालकांनी यंत्राभोवती भिंत घालून ती खोली गार करून घेतली. यंत्र गारव्यात आणि माणसं पत्र्याखाली. तो शाळेतून वडिलांचा डबा घेऊन जायचा, तेव्हा वडील त्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून, चपला काढून उभे असायचे. दाराखालच्या फटीतून गार हवेची एक पातळ पट्टी बाहेर यायची. "ये, इथे पाय ठेव," वडील म्हणायचे आणि थोडे बाजूला सरकायचे. बापलेक चार उघडे पाय त्या पट्टीत ठेवून डबा खायचे. पुढे अभियांत्रिकीला गेल्यावर वर्गातल्या सगळ्यांनी पूल, धरणं, मोटारी निवडल्या. त्याने हवा निवडली. यंत्राला मिळतं ते माणसाला मिळालं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मग पंचवीसेक वर्षं त्याने बँका, इस्पितळं, हॉटेलं, नाट्यगृहं गार केली. फटीतून येणारी पट्टी नव्हे, भरभरून. आणि आज त्या भरभरून दिलेल्या हवेवर कुणीतरी बिस्किटांचा पुठ्ठा चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला विद्यापीठात जायचं होतं, आणि नेमकं त्याच कामाचं त्याच्या पोटात गेले कित्येक दिवस दुखत होतं. विद्यापीठाला वर्गांची आणि वाचनालयाची एक नवी इमारत बांधायची होती, आणि ती अशी की वर्षभरात जेवढी वीज खाईल जवळजवळ तेवढी स्वतःच्या छपरावर तयार करेल. हिशेबाअंती बाकी शून्य, किंवा शून्याच्या अगदी जवळ. काम मिळालं होतं एका बाईला. चाळिशीच्या आतबाहेरची, बुटकी, धुळीचं वावडं असलेली आर्किटेक्ट. धूळ दिसली की लागोपाठ शिंकायची आणि तरी सदा धुळीतच असायची. पहिल्याच बैठकीत थंडोबाने तिच्यापुढे आपला आराखडा ठेवला होता. गच्चीवर यंत्रं, त्यांच्यासाठी खोली, तिथून खाली उतरणारे हवेचे जाडजूड डक्ट, ते झाकायला प्रत्येक मजल्यावर फॉल्स सीलिंग. ती कागदावर बराच वेळ वाकून पाहत राहिली होती आणि मग म्हणाली होती, "सर, फार सुबक आहे. पण हे सगळं गच्चीवर ठेवलं तर सूर्य कुठे पकडायचा? आणि एवढ्या यंत्रांना पुरेल एवढा सूर्य पकडायला मला शेजारची दोन मैदानं लागतील." तो म्हणाला होता, "मॅडम, मग मुलं उकडतील." ती म्हणाली होती, "उकडू देणार नाही. आधी इमारत तापूच द्यायची नाही, मग उरलंसुरलं तुम्ही बघा." उरलंसुरलं! हा शब्द त्याला माशाच्या काट्यासारखा टोचला होता. आयुष्यभराची विद्या आणि तिच्या वाट्याला उरलंसुरलं.

पण त्या सकाळी तो गेला तो वेगळा होऊन गेला, निदान किंचित हललेला. जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात ती जमिनीवर उकिडवी बसलेली दिसली. हातात खडू होता. मुलं जिथे जिथे बसली होती तिथे फरशीवर ती छोटे गोल काढत होती. तासाभराने पुन्हा फेरी मारायची, पुन्हा गोल. त्याला पाहून तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "बघा ना सर, सकाळी सगळीकडे विखुरलेले होते. आता बघा सरकायला लागलेत. दुपारपर्यंत सगळे त्या जिन्यापाशी गोळा होणार. तिथे वारा येतो. त्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या अंगाला कळतं." तो तिच्याबरोबर फिरला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने एरवी कधीच विचारला नसता असा प्रश्न एका मुलाला विचारला, "इथे बसून बरं वाटतं का रे?" मुलगा दचकून उठू लागला. त्याला वाटलं हा कुणी दंड करायला आलाय. "बस, बस," थंडोबा म्हणाला, "मी नुसतं विचारतोय." मुलाने विचार केला आणि म्हणाला, "पंखा डोक्यावर असला की बरं वाटतं. आणि खिडकी आपल्याला उघडता आली की. संगणकाच्या खोलीत एसी आहे, तिथे दोन तासांनी डोकं धरतं." मग तो पुढे चौघापाच जणांना विचारत गेला. कुणालाही बावीस अंश नको होते. कुणाला अंश ठाऊकही नव्हते. त्यांना हलणारी हवा हवी होती, डोळ्यावर न येणारा उजेड हवा होता आणि नको वाटलं तर बंद करता येण्याजोगं काहीतरी हवं होतं. बाई मागून खडूने गोल काढत येत होती आणि शिंकत होती.

नंतरचे महिने आपण नक्की काय करतोय हे त्याला नीट सांगता आलं नसतं. दर आठवड्याला ती नवा कागद आणायची आणि दर आठवड्याला त्याचं यंत्र लहान व्हायचं. तिने इमारत फिरवली. लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि पश्चिमेच्या उन्हाच्या तोंडी तिने जिने, संडास आणि सामानाच्या खोल्या उभ्या केल्या. "ऊन त्यांना खाऊ दे. संडासात कुणी व्याख्यान ऐकत नाही," ती म्हणाली. तो घरी येऊन गणित करायचा आणि यंत्र चतुर्थांशाने उतरायचं. तिने खिडक्यांवर छज्जे काढले, इतके नेमके की थंडीतलं तिरपं ऊन आत यावं आणि उन्हाळ्यातलं बाहेरच राहावं. यंत्र आणखी उतरलं. तिने दिवे कमी केले, कारण उजेड आता बाजूने आत खोलवर येत होता, आणि दिवे कमी म्हणजे त्यांची धग कमी. यंत्र आणखी उतरलं. आयुष्यभर त्याने आकडे चढताना पाहिले होते. मोठं काम म्हणजे मोठा आकडा. आता आकडा उतरला की त्याला आधी आपलं काहीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं आणि मग, त्या रिकाम्या जागी, काहीतरी लख्ख दिसल्यासारखं. बुद्धिबळात समोरच्याने अशी चाल करावी की आपण हरतोय हे विसरून आपल्याच तोंडून वाहवा निघावी, तसं. एकदा तर तो तिला म्हणालाच, "मॅडम, तुम्ही मला माझ्याच हातांनी घरी बसवताय." ती हसली नाही. पेन्सिल कानामागे ठेवून म्हणाली, "सर, हे गणित कुणीही करून देईल. पण एसी कुठे लागत नाही, हे ज्याला एसी येतो तोच सांगू शकतो ना? मी सांगितलं तर लोक म्हणणार, बाईचं काय जातंय." आणि पुन्हा कागदावर वाकली. या बाईला लोकांचं मन राखायला बोलता येत नाही, हे एव्हाना त्याला कळलं होतं. म्हणूनच ते वाक्य तो घरापर्यंत घेऊन गेला. मग तिला उरलेली एक अडचण त्यानेच सोडवून दिली. वर्गात शे-दीडशे मुलं बसली की त्यांच्या अंगाचीच ऊब होते, ती कुठे जाणार? त्याने सुचवलं, छताची स्लॅब जाड आणि उघडी ठेवू. संध्याकाळनंतर वरच्या झडपा आणि खिडक्या उघडायच्या, गार वारा रात्रभर तिच्या अंगावरून जाऊ द्यायचा. काँक्रीट थंड होईल आणि दिवसभर मुलांची ऊब पीत राहील. "मातीच्या माठासारखं नव्हे," तो म्हणाला, "दगडासारखं. रात्री गार पडलेला दगड दुपारपर्यंत गार राहतो." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण वर्गात पहिले आलो आहोत असं त्याला वाटलं. या वयात.

भागीदाराला मात्र हे पटेना. दोघांनी मिळून कचेरी उभी केली होती. भागीदार माणूस वाईट नव्हता, नुसता सावध होता. "हे बघ," तो म्हणाला, "तिला हवं ते करू दे. आपण फक्त सोय ठेवायची. डक्टची जागा ठेव, फॉल्स सीलिंग टाक. उद्या मुलं उकडली तर वर यंत्र बसवता येईल. सोय ठेवली की आपली मान मोकळी." बोलणं बिनतोड होतं. थंडोबाने स्वतः शंभर ठिकाणी अशी सोय ठेवली होती. पण त्या संध्याकाळी गणित मांडताना त्याच्या लक्षात आलं, की इथे सोय ठेवणं म्हणजेच इमारत मारणं. फॉल्स सीलिंग लागलं की स्लॅब झाकली जाणार. झाकलेली स्लॅब मुलांची ऊब पिणार कशी? पंखे खाली येणार, उजेड आखडणार. म्हणजे सोय ठेवली तर मुलं खरोखरच उकडणार आणि मग सगळे म्हणणार, बघा, थंडोबाने सोय ठेवली म्हणून वाचलो. तो त्या कागदाकडे पाहत राहिला. भीतीने केलेली तरतूदच भीती खरी करते, हे आपण आधी किती ठिकाणी केलं असेल? बायको जेवायला हाक मारत होती. तिने दोनदा हाक मारली आणि मग येऊन त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "काय झालंय?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, स्लॅबसकट. ती टेबलाला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्हाला भीती कशाची वाटतेय, चुकण्याची की एकट्याने चुकण्याची?" त्याने कागद गुंडाळून ठेवला. जेवण निवलं होतं.

समितीची बैठक कुलसचिवांच्या दालनात भरली. लांब टेबल, जाड पडदे, कडेकोट एसी. कुलसचिव विनोदी गृहस्थ होते. "आमच्याकडे शून्य मिळालं की आम्ही पोरांना नापास करतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही शून्य मिळवण्यासाठी आमच्याकडे इमारत मागताय!" सगळे हसले, बाईही हसली आणि तिने कागद उलगडले. ती फार छान बोलते असं नव्हतं. बोलताना अडखळायची, मधेच पाणी प्यायची. पण कागदावरच्या एकेका रेघेवर बोट ठेवून ती सांगू लागली की त्या रेघेला सावली पडायची, वारा लागायचा. ऐकता ऐकता थंडोबा आपण कुठे बसलोय हे विसरला. तिचं बोट जिन्यावर गेलं की आपण जिना चढतोय, खिडकीवर गेलं की बाहेरचं झाड दिसतंय, असं त्याला होत होतं. त्याने कितीतरी आर्किटेक्ट पाहिले होते. बहुतेकांची इमारत बाहेर उभी राहून पाहण्यासारखी असायची. हिची इमारत आत बसलेल्या पोरापासून सुरू व्हायची आणि बाहेरपर्यंत यायची. तेवढ्यात भौतिकशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक, पांढऱ्या मिशांचे, खाकरले. "सगळं ठीक. पण उन्हाळ्यातल्या परीक्षेला एखादी मुलगी चक्कर येऊन पडली तर? एसीची काही सोय ठेवली आहे की नाही?" बाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांच्या माना थंडोबाकडे वळल्या. भागीदार शेजारीच बसला होता. त्याने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. थंडोबाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "प्रयोगशाळा आणि संगणकाची खोली सोडून कुठेही सोय ठेवलेली नाही," तो म्हणाला. "ठेवायची म्हटली तर छत झाकावं लागेल, आणि छत झाकलं तर मुलगी नक्की पडेल. दोन्ही होणार नाही, सर. एक काहीतरी निवडावं लागेल. मी माझ्या सहीने सांगतो, छत उघडं ठेवा." त्याचा आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही. भागीदाराचा हात गुडघ्यावरून निघून गेला. प्राध्यापकांनी मिशा कुरवाळत मग बरोब्बर प्रश्न विचारले: स्लॅब किती जाड, रात्री हवा किती गार पडते. तो उत्तरं देत गेला. पाऊण तासाने ते म्हणाले, "मला पटतंय. मला हे आधी सुचलं नाही याचं वाईट वाटतंय, एवढंच." बाहेर आल्यावर बाईने आभार मानले नाहीत. ती व्हरांड्यात कठड्याला धरून उभी राहिली आणि लागोपाठ शिंकली, आणि मग रुमालात तोंड घालून जरा जास्तच वेळ उभी राहिली.

इमारत उभी राहिली. ती कशी उभी राहिली हे सांगायचं तर बाईच्या चिकाटीचं पुराणच सांगावं लागेल. छज्जे ठेकेदाराने वीतभर आखूड केले, तेव्हा तिने भांडण केलं नाही. दुपारी त्याला हाताला धरून आत नेलं आणि जिथे ऊन पडत होतं तिथल्या बाकावर बसवून स्वतः चहा आणायला गेली ती अर्ध्या तासाने आली. छज्जे दुसऱ्या दिवशी तोडून नीट झाले. थंडोबा आता नसलेल्या कामासाठीही तिकडे जायचा. उघड्या छताखाली उभं राहून वर पाहायचा. एरवी त्याचं काम नेहमी झाकलेलं असे. आपण काय केलंय हे दिसू नये यातच त्याचं कौशल्य. इथे त्याने केलेलं काहीच नव्हतं, आणि ते दिसत होतं. गच्चीवर निळ्या पॅनेलांच्या रांगा लागल्या, त्यांच्या सावलीत मुलांना बसायला ओटे झाले, वर्ग भरू लागले. आणि पहिल्याच उन्हाळ्यात कुलसचिवांचा फोन आला. "अहो थंडोबा," त्यांनाही ते नाव कळलं होतं, "मुलं उकडतायत. प्राध्यापक तक्रारी करतायत. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहेत. मी भाड्याचे एसी मागवू का?"

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. बाईला घेऊन तो तडक तिथे पोचला. वर्गात शिरताच त्याला कळलं, काहीतरी चुकलंय. छत गार नव्हतं. त्याने बाकावर चढून काँक्रीटला हात लावला. ते कोमट होतं, आजारी माणसाच्या कपाळासारखं. गणित चुकलं? सगळं? त्या काही क्षणांत त्याने पुढची सगळी वर्षं पाहिली. भागीदाराचं न बोलणं, पांढऱ्या मिशा, उकडलेली मुलं. बाईने मात्र छताकडे पाहिलंच नाही. ती खिडकीपाशी गेली आणि कडीवरून बोट फिरवलं. बोटावर धुळीचा थर आला, ती शिंकली आणि म्हणाली, "सर, या कड्या कित्येक दिवसांत कुणी उघडलेल्या नाहीत." रखवालदाराला बोलावलं. तो बिचारा हात बांधून उभा राहिला. "साहेब, मागच्या महिन्यात शेजारच्या इमारतीतून संगणक चोरीला गेला. वरून हुकूम आला, सूर्य मावळला की एकूणएक खिडकी बंद. उघडी राहिली तर माझी नोकरी जायची." थंडोबाच्या तोंडावर शब्द आले होते, चांगले तिखट. पण बाई म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी तुमच्या जागी असते तर मीही बंदच केल्या असत्या." आणि मग थंडोबाकडे वळून, "चूक माझी झाली. मी इमारत शिकवली नाही कुणाला. नुसती बांधून दिली." त्याला वाटलं, हे वाक्य आपल्याला सुचलं नसतं; आपण आधी हुकूम काढणाऱ्याला शोधलं असतं. तिने कुलसचिवांकडून परवानगी घेतली, खालच्या खिडक्यांना दोन दिवसांत गज बसवून घेतले, आणि परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी स्वतः येऊन मजल्यामागून मजला चढत खिडक्या उघडू लागली. बरोबर रखवालदार, सफाईच्या बायका, वाचनालयातली मुलं, जो सापडेल तो. प्रत्येकाला ती छताला हात लावायला लावायची. "आत्ता कसं लागतंय? लक्षात ठेवा. उद्या सकाळी पुन्हा लावा." थंडोबाही कचेरीतून परस्पर तिकडे जायचा आणि वरच्या झडपांच्या दोऱ्या ओढायचा. दोरी ओढली की वर कुठेतरी खटका उघडायचा आणि दिवसभर कोंडलेली हवा इमारतीतून सुटका झाल्यासारखी वर निघून जायची. चौथ्या सकाळी सफाईच्या बाई जिन्यातच ओरडल्या, "अहो, छत गार पडलं!" जणू घरातल्या कुणाचा ताप उतरला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी उन्हाने कहर केला. रेडिओवर दर तासाला घराबाहेर पडू नका असं सांगत होते. बाईला दुसऱ्या गावी कामाला जावं लागलं होतं, जाताना तिने त्याला बजावलं, "सर, तीन वाजताचा आकडा मला हवाच. तीनला सगळ्यात जास्त असणार. तीन चुकवू नका." तो जेवून दोनच्या सुमाराला मोठ्या वर्गात गेला. वर्ग शेवटच्या उजळणीला खचाखच भरला होता. भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर, एका मुलीशेजारी जागा होती. तिने पुस्तक उचलून त्याला जागा दिली आणि पुन्हा खाली मान घातली. त्याने खिशातून तापमापक काढून समोर ठेवला आणि डोळ्यांचं काम सुरू केलं. आधी माना पाहिल्या. मग कपाळं. कुणी वहीने वारा घेतंय का, कुणी कॉलर ओढतंय का. कुणी नाही. वर पंखे इतके सावकाश फिरत होते की त्यांची पाती मोजता आली असती. छज्ज्याखालून येणारा उजेड टेबलांवर पसरला होता, सावलीतल्या पाण्यासारखा. पुढे एक तरुण प्राध्यापिका फळ्यावर काही समीकरण सोडवत होत्या; खडूचा टकटक आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ येत होता, कारण मधे दुसरा कुठलाच आवाज नव्हता. यंत्रांच्या घरघरीखाली आयुष्यभर लोक किती मोठ्याने बोलत आले असतील, असं त्याच्या मनात येऊन गेलं. बाहेर सगळं शहर भट्टीत होतं. इथे गार नव्हतं. गार म्हणावं असं काही नव्हतंच. इथे नुसतं हवेकडे लक्ष जात नव्हतं. त्याने लक्ष द्यायचा प्रयत्न केला, हवा शोधली, आणि ती सापडेना. ती शिंकणारी बाई असं काही करू शकते, त्याला वाटलं, की माणसाला हवा आहे हेच विसरायला लावते. समीकरणाची एक बाजू दुसऱ्या बाजूकडे सरकत होती. शेजारच्या मुलीने पान उलटलं. पुढे काय झालं ते त्याला आठवेना.

"काका," कुणीतरी खांदा हलवत होतं. "काका, वर्ग संपला. पुढचा वर्ग भरायचाय." तीच शेजारची मुलगी होती. सभोवती मुलं बाकं ओढत होती, हसत होती. त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि हनुवटी ओली होती. घड्याळात सव्वाचार झाले होते. तो धडपडत उठला, "माफ कर हं," म्हणाला. मुलगी म्हणाली, "अहो चालतं, आमच्यातले पण दोघे झोपले होते." खिशात फोन वाजत होता. तो जिन्यात आला आणि कानाला लावला.

"सर, किती होतं तीनला?" बाईचा आवाज घाईचा होता; मागे कुठल्याशा साइटवर हातोडे चालले होते.

त्याने घसा साफ केला. खोटं बोलणं शक्य होतं. एखादा बरासा आकडा सांगून टाकता आला असता. "मॅडम," तो म्हणाला, "आकडा नाही माझ्याकडे. मला झोप लागली होती."

मग ती फोन बाजूला धरून तिथल्या कुणाला तरी ओरडून सांगत असलेली ऐकू आली, इतकी मोठ्याने की हातोडे थांबले: "अहो, ऐकलंत का? सरांना झोप लागली! भर तीनला!"